वाय, ई, ओ, एल, ए म्हणजे येवला

जगातल्या प्रत्येक आवाजाला एक गाव असतं आणि आमच्या मामांना त्या प्रत्येक गावचा पत्ता ठाऊक आहे, असं माझं ठाम मत आहे. एरवी माझी मतं ठाम नसतात. कॉलेजात हात वर करण्याआधी मी उत्तर मनात तीनदा म्हणून बघते, तोवर दुसरं कोणीतरी ते सांगून मोकळं होतं. पण मामांच्या कानांविषयी मला शंका नाही. सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी शिकायला राहते. तिथे कुकरची शिट्टी झाली की मामा दाढी करता करता सांगतात, "आज अर्धा सूर उतरली. रबर गेलंय." मामी म्हणते, डाळ शिजली का ते सांगा. पण दोन दिवसांनी रबर बदलावंच लागतं. रिक्षाचा हॉर्न काळी दोन, समोरच्या गिरणीचा पट्टा पांढरी एक. परवा डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर मामांनीच त्यांना विचारलं, "कुठल्या पट्टीत हाय?"

मामा एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. हळदी, साखरपुडे, वाढदिवस, जे मिळेल ते. कीबोर्ड माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. त्याच्यावर पैठणीच्या उरलेल्या काठाचं पांघरूण असतं, एसटीत खिडकीची जागा त्याला मिळते आणि मामा शेजारी उभे राहतात. त्याचा एक सूर कधीचा मुका झाला आहे. अंगणात निजलेल्या म्हाताऱ्या माणसाला वळसा घालून जावं, तसे मामा प्रत्येक गाण्यात त्या सुराला वळसा घालून जातात. ऐकणाऱ्यांना ती त्यांची खास शैली वाटायची. ऑर्केस्ट्रातल्या गायिका ताई तर इतक्या सरावल्या होत्या की दुसऱ्या कोणी तो सूर नीट वाजवला तर त्याच अडखळायच्या.

ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. शेठ मनाने चांगले, पण त्यांना अलीकडे लोक विचारू लागले होते की तुमचा कीबोर्ड मध्येच गप्प का होतो. त्यातच एक नवीन सॉफ्टवेअर आलं. लॅपटॉपवर चालणारं वाद्य, म्हणेल तो आवाज काढणारं. शेठनी मामांना निरोप दिला की भाचीला लॅपटॉप घेऊन पाठवा. मी कॉम्प्युटर शिकते, एवढ्याच पुण्याईवर मला पंचवटीतल्या तालमीच्या हॉलमध्ये खुर्ची मिळाली.

पहिला अर्धा तास नावातच गेला. पडद्यावर लिहिलं होतं: वाय, ई, ओ, एल, ए. ढोलकीवाले म्हणाले, योला. गिटारवाले दादा क्लासला गेलेले, ते म्हणाले, यीओला, शेवटचा 'ला' हळू. शेठ आपले यलोला म्हणत होते. मला विचारलं तर मी म्हणाले, बघून सांगते. तेवढ्यात मामांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि वाचलं, "येवला."

ढोलकीवाल्यांना हसता हसता ठसका लागला. ते म्हणाले, मामा, उद्या सिन्नर पण काढतील. मामा रागावले नाहीत. "आमच्या ठेसनाच्या पाटीवर हेच लिहिलेलं हाय," ते म्हणाले. "सबंध इंग्रजीत मला तेवढा एकच शब्द वाचता येतो. त्यो बी चुकला म्हणता?"

मी एक बटण दाबलं.

तो आवाज मला नीट सांगता येणार नाही. विहिरीत कोणीतरी तांब्याची घागर वाजवतंय आणि विहीरच गाते आहे, असा काहीसा. ढोलकीवाल्यांनी हळूच चपला काढून बाजूला ठेवल्या. गिटारवाल्या दादांनी गिटार पिशवीत घातली आणि पुन्हा बाहेर काढली. ताई नुसत्या पाणी पीत राहिल्या. मी चाचरत समजावलं की यात आधी भरून ठेवलेला आवाज नाही, एक साधी लहर असते, तिला ताणायचं, कापायचं, दुसरीत गुंफायचं. मामांनी मान डोलावली. "म्हणजे सूत हाय," ते म्हणाले.

जाताना शेठनी त्यांना बाजूला घेतलं. दोन रविवार देतो, यावर वाजवायला शिका, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. हे सांगताना शेठ स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मला वाटलं, मामा आता गाणी बसवतील. त्यांनी एकही गाणं घेतलं नाही. दोन आठवडे ते एकच आवाज घडवत बसले. खट्, मग सरकन काहीतरी जायचं, मग दणका. मी अभ्यासावरून उठून दाखवायची, पडद्यावरचं कोणतं चक्र फिरवलं की काय होतं. ते डोळे मिटून म्हणायचे, "लाकूड अजून वलं हाय. वाळव." शेजारच्या काकू विचारून गेल्या, घरात पिठाची चक्की टाकली का. मामी म्हणाली, तुमची खुर्ची जाईल तेव्हा ह्या खटखटीवर बसा. मामा हसले, पण त्या दिवशी ते जेवले कमी.

दुसऱ्या रविवारी त्यांनी लॅपटॉपवर नेहमीचं हळदीचं गाणं वाजवलं आणि त्याखाली तो आवाज सोडला. खट्, सर्र, दण. गाणं जणू चालायला लागलं. ढोलकीवाल्यांचे हात आपोआप ढोलकीवर गेले. मुका सूरही या वेळी वाजला आणि ताई खरंच अडखळल्या. पण शेठ कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "मामा, मध्येच ठोका गळतोय. चार ओळी झाल्या की एकदा."

"गळत नाय, शेठ," मामा म्हणाले. "आमच्या आप्पांचा, वडलांचा हातमाग हाय त्यो. तिथं धागा तुटायचा. जोडेपर्यंत थांबावं लागतं."

शेठनी पुन्हा वाजवायला सांगितलं. मग आणखी एकदा. त्या थांब्यापाशी ढोलकीवाल्यांचे हातही हवेतच थांबत होते. शेवटी शेठ उठले आणि म्हणाले, "सोमवारी सिन्नरला हळद आहे. वेळेवर या. आणि ते येवला घेऊन या."

पुढे मला ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माणसाचा व्हिडिओ सापडला. तो स्वच्छ 'योला' म्हणतो. मी भीत भीत मामांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. "माणूस गुणी हाय," ते म्हणाले. "त्याला येवला ठाऊक नाय, त्यात त्याचा काय दोष."

दिवाळीत आम्ही येवल्याला गेलो. आप्पा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा माग बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता हात इतके थरथरतात की चहा मामा पाजतात. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि काही न सांगता आवाज सुरू केला. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. त्यांचे पाय चादरीखाली हलू लागले. मग तो थांबा आला. आप्पांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं, हवेतच दोन टोकं धरली आणि पीळ दिला. तेवढा वेळ त्यांचा हात थरथरला नाही.

ठोका पुन्हा सुरू झाला. मामा त्या दोन बोटांकडे बघत होते. एखादा आवाज ऐकून त्याची पट्टी न सांगता ते गप्प बसले, असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.