वसंतराव वाचायचे, आम्ही ऐकायचो

आधी आली ती वरच्या मजल्यावरची हमीदा, रत्नागिरीकडची. हातात तळलेले बोंबील आणि तोंडात बातमी, की इस्पितळातले एक्स-रेवाले मोकाशी शुक्रवारी तुमच्याकडे पुस्तक वाचणार आहेत. मला हसूच आलं. इथं आखातात, हवल्लीतल्या आमच्या फ्लॅटात सुट्टीला लोक यायचे ते व्हिडिओवर सिनेमा बघायला. पण वसंतराव मोकाशी आले, चपला दाराबाहेर नीट लावल्या, पाणी मागितलं आणि वाचायला लागले. ती आमची पहिली ओळख.

मी दुसरी शिकलेली. वसंतरावांच्या या गौरव अंकात मलाही लिहायला सांगितलं, त्याचा आनंद पोटात मावत नाही. तेव्हा इकडचं तिकडचं झालं तर सांभाळून घ्या.

वसंतराव सुट्टीवरून येताना लोणची-पापड मागे ठेवून सामानात पुस्तकं भरतात, इतिहासाची आणि प्रवासाची. एकदा गडाच्या वेढ्याचं चाललं होतं. मी मधेच विचारलं, "अहो, आत दाणा नव्हता म्हणता, मग बायका पोरांना काय घालत होत्या?" माझी सून सुनंदा नर्स आहे, तिला शिस्त फार. म्हणाली, "आई, मधे बोलू नका." वसंतरावांनी पुस्तक मिटलं. "ते यात नाही, आजी. लिहायला हवं होतं." त्या दिवशी मला घास गेला नाही.

दुसरं पुस्तक याच समुद्रातून फिरलेल्या एका प्रवाशाचं. मोत्यांसाठी बुडी मारणारी माणसं, दम संपेस्तोवर खाली. मला जलीबच्या कामगार वस्तीत एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी आपली मुलं आठवली. मग प्रवाशाचं गलबत वादळात सापडलं, आणि वसंतरावांनी पानं उलटून ते एकदम बंदराला लावलं! मी टोकलं तर हळूच म्हणाले, "हमीदाबाईंचे यजमान बोटीवर आहेत. बुडालेल्यांचं कशाला?" हमीदानं ऐकलंच. "वाचा हो भाऊ, मी काय साखरेची आहे?" म्हणाली, आणि ओढणीत तोंड घालून रडली.

आता त्यांना साठ पूर्ण झाली. आपल्याकडे साठीशांत करतात, पेढे वाटतात. इथं नोकरी संपते आणि तिच्यामागून इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना. साताऱ्याच्या घरी कुणी नाही. पत्नी केव्हाच गेल्या. काल ते हमीदाबरोबर येऊन बसले होते. विचारलं, "तिथं वाचाल कुणाला?"

"भिंतींना," म्हणाले आणि हसले.

मला नाही हसू आलं. इतकी वर्षं यांनी आम्हाला वाचून दाखवलं. यांना कुणी दाखवलं? सुनंदाला म्हटलं, "येत्या खेपेला तू वाच."

"मी? आई, मी अडखळेन."

"सुया टोचताना अडखळतेस का?"

वसंतरावांनी पिशवीतलं पुस्तक तिच्या हातात दिलं.

देव त्यांना भरपूर आयुष्य देवो, नजर शाबूत ठेवो, आणि साताऱ्यात ऐकणारं एक तरी माणूस देवो. विमान रविवारी आहे. शुक्रवारी ते आणि हमीदा दोघं येतो म्हणालेत. वसंतराव नुसते ऐकायला.