कारलं नावाचा फोल्डर

माझ्या घरातला संगणक आजवर दोनच कारणांनी बंद पडला आहे. एक, वीज गेली म्हणून. आणि दोन, माझे भाऊजी आले म्हणून. त्यातली वीज बरी. ती परत येते तेव्हा चहा मागत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार घाटकोपर. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते मुलुंडला आमच्याकडे यायचे. हातात कापडी पिशवी, तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर, कीबोर्डातली धूळ झाडायला रंगाचा जुना ब्रश आणि दोऱ्यात ओवलेले सहा पेनड्राइव्ह. चप्पल काढता काढता विचारायचे, "मशीन कसं आहे?" माझी तब्येत त्यांनी कधी विचारली नाही. एका रविवारी तर मी टायफॉइडने पडले होते.

त्यांच्या खिशात एक डायरी असते. तीत उपयोगी वेबसाइटींचे पत्ते शाईने लिहिलेले, आणि प्रत्येकीपुढे लग्नाच्या स्थळापुढे लिहावा तसा शेरा. 'फोटो लहान करून देते. स्वभावाने गरीब.' 'पीडीएफ जोडते, पण आधी ईमेल मागते; देऊ नये.' 'बसच्या वेळा सांगते. दिसायला बरी, बोलण्यात खोटी.' ही डायरी ते कुठेही उघडतात. आमच्या काकांच्या तेराव्याला पानं वाढलेली असताना त्यांनी गुरुजींना मोबाइलवर अक्षरं मोठी कशी करायची ते शिकवलं. गुरुजी इतके हरखले की अख्खा अध्याय चष्म्याशिवाय वाचून दाखवला, आणि सगळ्यांनी गार भात खाल्ला.

मग त्यांच्या चिठ्ठ्या. 'कंट्रोल झेड: केलेलं निस्तरतं.' 'कंट्रोल शिफ्ट टी: चुकून बंद केलेलं पान परत येतं.' 'उठताना पडदा कुलूपबंद करावा, घरचे असले तरी.' माझ्या मॉनिटरला या चिठ्ठ्यांचं तोरण लागलं होतं. संताप याचा, की त्या सगळ्या खऱ्या निघतात. माणूस खोटं सांगत असता तर त्याला घालवून देणं सोपं गेलं असतं.

फोनची तर वेगळीच तऱ्हा. हल्ली दुसऱ्याच्या आवाजात बोलून लोकांना गंडवतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं, तेव्हापासून 'हॅलो' बंद. फोन उचलला की पहिला प्रश्न, "तू तूच कशावरून?" ताईने एकदा बाजारातून फोन केला, तर तिला लग्नातल्या पंगतीत कोणतं पक्वान्न होतं ते विचारलं. ताई म्हणाली, "घरी येते, मग सांगते." तेवढ्यावर ओळख पटली.

आता माझं सांगते. मी यादीवर जगणारी बाई आहे. गॅस कधी लावला, कुणाला कुठली भाजी चालत नाही, सगळ्याची यादी माझ्याकडे असते. पण जीव एकाच यादीत आहे: आमच्या भागातल्या रक्तदात्यांच्या. नाव, गट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं, चालत येतील की रिक्षाने. बारा वर्षं जमवलेली दोनशे नावं.

एका गुरुवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू धापा टाकत वर आल्या. हॉस्पिटलात सुनेचं बाळंतपण अडलं होतं. गट बी निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच पिशवी, दुसरी लगेच हवी होती. मी म्हटलं, बसा, दोन मिनिटांत माणूस देते. संगणक उघडला तर पडदा लख्ख. यादी नाही. रविवारी भाऊजींनी 'किती पसारा' म्हणत साफसफाई केली होती. नावाने शोधलं, नाही. ड्रॉवरमधली छापील प्रत, तीही नाही. मॉनिटरवरची एक चिठ्ठी हाताला लागून निघाली. मागे छापलं होतं, 'बी निगे', आणि पुढे फोनचे पाच आकडे. माझी छापील यादी कापून तिच्या कोऱ्या बाजूवर या गृहस्थांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. काकू रडत रडत चिठ्ठ्या जुळवायला बसल्या. मी फोन लावला.

"तू तूच कशावरून?"

"तिकडे हॉस्पिटलात एक पोर अडलीय आणि तुम्ही माझी परीक्षा घेताय? यादी कुठे पुरलीत ते सांगा. नाहीतर तुमची ती डायरी पान पान सुटी करून नाक्यावरच्या भेळवाल्याला देईन."

"हां, तूच," ते समाधानाने म्हणाले. "कारल्यात बघ."

मोलाची वस्तू कुणी उघडणार नाही अशा नावाखाली ठेवावी, हा त्यांचा नियम. 'कारलं' नावाचा फोल्डर, आत 'कारल्याची कृती'. मला कारलं बघवत नाही, हे त्यांना माझ्याच भाज्यांच्या यादीतून कळलं होतं. कृती उघडली, तर आत माझी यादी, गटवार लावलेली. प्रत्येक नावापुढे शेरा: 'फोन लागतो', 'नंबर बदलला, नवा लिहिला आहे', 'बदलापूरला गेले, धावपळीत नको'. दोनशे फोन या माणसाने कधी केले कोण जाणे. पुढे कितीतरी जण मला म्हणाले, अहो, कुणीतरी फोन करून आम्हीच आम्ही कशावरून ते विचारत होतं. बी निगेटिव्हमध्ये दुसऱ्याच फोनला एकाने हो म्हटलं आणि अर्ध्या तासात तो हॉस्पिटलात पोचला. बाई आणि बाळ सुखरूप. बाळ आता जिन्यात ऐकू येतं.

पण माझा राग उतरला नव्हता. पुढच्या रविवारी ते आले तेव्हा दारातच सांगितलं, "यादी सापडली हे नशीब. माझ्या मशीनला पुन्हा हात लावायचा नाही." त्यांनी काढलेली चप्पल पुन्हा घातली, पिशवी उचलली आणि गेले. त्याला चार महिने झाले. कीबोर्डात धूळ साठली आहे. चिठ्ठ्यांचा गोंद वाळून एकेक गळते आहे, आणि मी ती फेकायची सोडून पुन्हा चिकटवते आहे.

परवा यादी शेवटपर्यंत तपासली. सगळ्यांत खाली भाऊजींचं नाव होतं, त्यांनी स्वतःच भरलेलं. गट ओ पॉझिटिव्ह. शेवटचं रक्तदान, पासष्टावा वाढदिवस होता त्याच्या आदल्या दिवशी. पुढे शेरा: 'वयामुळे आता रक्त घेत नाहीत. सोबत बसायला बोलवावे. बिस्किटे आणतो.'

मी लगेच फोन लावला.

"तू तूच कशावरून?"

"भाऊजी, रविवारी या ना," मी म्हटलं. आवाज माझ्याही ओळखीचा नव्हता.

पलीकडे ते ताईला म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं, "ही ती नव्हे," आणि फोन ठेवला.

मी पदर खोचला, घसा खाकरला, पुन्हा नंबर लावला. रिंग वाजत होती. ओळख पटेल असं खणखणीत रागवायला काहीतरी कारण हवं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे त्याची यादी नव्हती.