जिजाबाईची मूठ

रामाजीची मूठ एवढी मोठी, की बाजारातल्या कुदळीचा दांडा त्याला कधी पुरलाच नाही. बाभळीचा जाड दांडा तासून घ्यावा लागे. सरकारी बागेत चोवीस वर्षं माळीकाम केलं त्या मुठीनं, कुणी नावं ठेवली नाहीत. पण चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिनंच दगा दिला, आणि तोही कुठं, तर मिठाच्या डब्यात!

नागपुरात सदर भागाच्या पाठीमागच्या गल्लीत त्याचं कौलारू घर. परसात आलूचे तीन वाफे. दिवाळीनंतर लावायचे, होळीच्या आगेमागे काढायचे. एवढं रामाजीचं काम. पुढचं सगळं राज्य त्याच्या बायकोचं, जिजाबाईचं. ती आलू रेतीवर पसरून बाजेखाली ठेवी आणि ऊन तापलं की चिप्स करी. त्याच सुमारास त्यांची लेक सुमती भिवापूरहून, सासरहून, चार दिवस येई आणि जाताना चिप्सचा मोठा डबा घेऊन जाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती; सहाही वर्षं डबा चुकला नव्हता.

त्या पौषात जिजाबाई गेली. तीन दिवसांचा ताप काय आला आणि सगळं आटोपलं. आलू मात्र मातीत वाढतच राहिले, त्यांना कोण सांगणार? होळी झाली, रामाजीनं ते काढले. पाडवा झाला, सुमती आली नाही. आई नाही तर कशाला येईल ती, असं तो धरून चालला. पण मनाला एकच घोर लागला. डबाही गेला नाही तर पोरीला वाटेल, आईसंगं माहेरही गेलं. छे! तसं होता कामा नये.

"आपनच करू," तो स्वतःशी म्हणाला. "त्यात काय हाय एवढं?"

काय आहे ते त्यानं दरवर्षी पाहिलं होतं. तो लाकडं फोडून द्यायचा आणि जिजाबाई चुलीपाशी मोठ्यानं मोजायची, एका गंजाला चार मुठी मीठ. तिचा तो मोठा पितळी गंज, त्यात पाव पोतं आलू सहज शिजत.

रविवारी सकाळी त्यानं निम्मे आलू सोलले. सालीबरोबर अर्धा आलूही गेला, जाऊ द्या. काप तीन पाण्यांतून धुतले, पाण्यात तुरटी फिरवली. गंजात उकळी फुटली तशा चार मुठी खडे मीठ टाकलं, मोजून चार. काप अर्धवट शिजले तसे उपसले, बाजेवर जुनं धोतर अंथरून त्यावर एकेक सुटा मांडला, आणि दिवसभर काठी घेऊन कावळे हाकलत बसला. नागपूरचं ऊन ते! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काप खणखणीत वाळले. रंग असा पांढराशुभ्र, की रामाजीची छाती फुगली. त्यानं वाटीभर तळले आणि आधी शेजारच्या कांताबाईला नेऊन दिले.

कांताबाई जिजाबाईची जिवाभावाची मैत्रीण, आणि कोंबड्यांवरून तिच्याशी हक्कानं भांडणारीही तीच. तिनं एक चिप तोंडात टाकली. डोळे मिटले. उठून माठापाशी गेली आणि दोन पेले पाणी प्यायली.

"भाऊजी, मीठ किती टाकलं?"

"चार मुठी. जिजा टाके तेवढंच."

"कोनाच्या मुठी?"

"माह्या. अजून कोनाच्या?"

कांताबाईनं कपाळावर हात मारला. "माय वं! तुमचा हात पाहा अन् तिचा हात पाहा. तिच्या दोन मुठी तुमच्या एकीत बसत जी! चाखून तरी पाहाचं होतं!"

चाखायचं असतं हे जन्मात कधी चुलीपुढं न बसलेल्या माणसाला कोण सांगणार? घरी येऊन त्यानं एक खाल्ला आणि जीभ पोळल्यासारखी झाली. मग तेरवीच्या दिवशीही ज्यानं डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं तो हा माणूस मिठाचा डबा मांडीवर घेऊन ढसाढसा रडला. चिप्ससाठी कोण रडतं हो? चिप्ससाठी नव्हतंच ते.

कांताबाई त्याच्या मागोमाग आली होती. दारातून तिनं हे पाहिलं आणि तशीच परत फिरली. संध्याकाळी पुन्हा आली ती हुकूम घेऊनच. "उरलेल्या आलूले हात लावू नका. माह्या स्लॅबवर वाळवू. गल्लीतल्या बाया येतीन. शनिवारी."

"शनिवारी काहून? उद्या काहून नाही?"

"म्हटलं न, शनिवारी!"

शनिवारी उजाडताच चार बाया आपापल्या किसण्या घेऊन आल्या. किती पातळ साल काढत होत्या! रामाजी लाकडं पुरवत होता, चहा देत होता. कुणाची कोण या बाया, आपल्या घरचं काम टाकून आल्या, देव त्यांचं भलं करो, असं त्याच्या मनात सारखं येत होतं. गंजात उकळी फुटली.

"मीठ टाकू का वं?" एकीनं विचारलं.

"थांब जरा," कांताबाई रस्त्याकडे पाहत म्हणाली.

आणि सायकलरिक्षातून सुमती उतरली! काखेत गाठोडं, हातात भिवापुरी मिरच्यांची पिशवी.

"तू? अशी अचानक?" रामाजी उभाच राहिला.

"अचानक कशी, बाबा? कार्ड आलं न मले." तिनं पोस्टकार्ड पुढं केलं. कांताबाईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, "तुझ्या बाबांची मूठ मोठी आहे. शनिवारी मीठ टाकायला ये."

सुमतीनं हातपाय धुतले, पदर खोचला आणि डब्यात हात घातला. बारकी मूठ, अंगठा बाहेर ठेवून आवळलेली, थेट जिजाबाईची. एक, दोन, तीन, चार. कांताबाईनं उगाच धूर लागल्यासारखे डोळे पुसले.

संध्याकाळी स्लॅबवर काप वाळत पडले होते. रामाजी म्हणाला, "डबा धाडनारच होतो वं मी. तुले वाटू नये का माहेर संपलं."

"डब्याचं काय घेऊन बसले, बाबा?" सुमतीचा आवाज चिरकला. "चैत लागला का आई कार्ड टाके. आलू निघाले, ये. होळीपासून मी पोस्टमनची वाट पाहून राहिली होती. म्हटलं, आता आपल्याले कोन बलावते."

सहा वर्षं लेक उन्हाळा आला की आपोआप येते, असंच रामाजी समजत होता! त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

डबा भरला तेव्हा पहिली ओंजळ त्यानं कांताबाईच्या पदरात टाकली. "तुमचे उपकार मी कसे..."

"उपकार गेले चुलीत! ते खारे चिप्स तेवढे बकरीले घालू नका, मरन बिचारी."

बकरीला नाहीच घातले. एव्हाना स्वतः रांधू लागलेला रामाजी त्या वर्षी वरणात मीठच टाकत नसे. दिवाळीपर्यंत तेच चिप्स तोंडी लावून जेवला.

पुढच्या वर्षी होळी झाली, आलू निघाले. हातपाय धुऊन रामाजी सगळ्यात आधी पोस्टात गेला. तिसरी शिकलेल्या अक्षरात, जीभ दातांत धरून त्यानं कार्ड लिहिलं, "आलू निघाले. माही मूठ अजून मोठीच हाय. ये."