आत्याबाईंचे दुःख कमी पडले

रुग्णालयाच्या धुलाई विभागात सव्वीस वर्षे चादरींच्या घड्या घालणाऱ्या आत्याबाईंनी त्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि कारण म्हणून चित्रपट सांगितला. मुकादम हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांची भाची चित्रपटकलेच्या वर्गात शिकत होती आणि तिच्या परीक्षेचा दहा मिनिटांचा चित्रपट आत्याबाईंच्या कामावर व्हायचा होता. भली मोठी चादर एकटीने चारी कोपरे जुळवून कशी दुमडावी, विरलेली जागा डोळ्यांआधी बोटांना कशी कळते, हे कोणीतरी नीट पाहावे अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. आजवर कोणी विचारलेच नव्हते.

वर्गात पंधरा मुलेमुली गोल करून बसली होती. तिथला नियम असा, की आपली कल्पना सांगून झाल्यावर सोबत्यांची मते संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. नुसते वहीत उतरवून घ्यायचे. वर्गाला पटली तरच कल्पना पुढे सरकणार. म्हणजे भाचीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आत्याबाईंना कोपऱ्यात खुर्ची मिळाली.

भाचीचे सांगून झाले. डोक्यावरची टोपी वर्गातही न काढणारा एक मुलगा म्हणाला, "छान आहे. पण मावशींच्या आयुष्यात प्रॉब्लेम काय आहे?"

"मशीन बंद पडतं अधूनमधून," आत्याबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

"तसा नाही हो. आतला."

"आतलंच. पट्टा तुटतो."

जाड चष्म्याची मुलगी पुढे सरसावली. "मला वेदनाच दिसत नाहीये. नवरा काय करतो तुमचा?"

"स्वयंपाक. माझी शिफ्ट असते ना सकाळची."

वर्गावर निराशा पसरली.

"दारू पितो असं दाखवलं तर?" टोपीवाला म्हणाला. "म्हणजे ती चादर नाही, दुःख दुमडतेय!"

"वा!" इतका वेळ मोबाइलमध्ये मान घातलेले सर म्हणाले.

मग काय विचारता! ज्यांनी स्वतःच्या अंथरुणाची चादरही कधी झटकली नसेल, त्या उंटावरच्या शहाण्यांनी घटकाभरात आत्याबाईंचा नवरा बिघडवला, मुलगा परागंदा केला आणि त्यांना खोकला लावला. खोकला कोरडा असावा की रक्ताचा, यावर दोन तट पडले. आत्याबाई ऐकून घेत होत्या. बोलायची पाळी आली की पोरगी या सगळ्यांची बिनपाण्याने करील, याची त्यांना खात्री होती.

पाळी आली. भाची वहीत पाहून म्हणाली, "खोकला नको. पण दारूचं घेते मी."

आत्याबाई उभ्या राहिल्या. "अगं, ज्या काकांनी तुला खांद्यावर बसवून फिरवलं, त्यांच्या हातात बाटली देतेस? लाज नाही वाटत?"

"आत्या, नाहीतर पास नाही करणार गं मला."

"मग माझी सही मिळायची नाही त्या तुझ्या कागदावर." कागद संमतीपत्राचा होता. त्याच्याशिवाय चित्रीकरण होत नसे.

"हा राग कॅमेऱ्यासमोर मिळेल का?" चष्मेवालीने हळूच विचारले.

भाची विनवण्या करीत घरापर्यंत आली. काका भाजी चिरत होते. आत्याबाईंनी सगळी हकिगत सांगितली आणि नवरा आता आकाशपाताळ एक करील म्हणून वाट पाहिली. नवऱ्याने सुरी पुसून खाली ठेवली.

"तो दारुडा मीच व्हायचं का?" त्याने विचारले. "की दुसरा कोणी आणणार?"

"तुम्हीच, काका!"

आयुष्यभर पाण्यावाचून दुसरे काही न प्यायलेला तो गृहस्थ भिंत धरून स्वयंपाकघरात झोकांड्या खाऊ लागला. "असं? का अजून थोडं?"

"थोडं कमी," भाची म्हणाली.

घरचाच भेदी निघाल्यावर बोलणार कोणापुढे? आत्याबाईंनी संमतीपत्र मागून घेतले, ओळीखाली बोट फिरवत सगळे वाचले आणि तळाशी सावकाश लिहिले : 'यातील चादरी खऱ्या आहेत. नवरा खोटा आहे. हे शेवटी मोठ्या अक्षरांत दाखवावे, तरच माझी सही धरावी.' मग सही केली.

भाचीने दोनदा वाचले.

"चांगलं आहे, आत्या," ती म्हणाली. "पण वर्गाला विचारावं लागेल."