भिंतीतले मेज

आमच्या मामांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी मोडली नाही, कारण ती पुन्हा कोणी वापरलीच नाही. छत्रीची दांडी तुटली तेव्हा त्यांनी तिला कुदळीचा दांडा बसवला. पाऊस लागत नसे, फक्त छत्री धरायला दोन माणसे लागत. मामीच्या जात्याचा सैल खुंटा त्यांनी इतका खोल ठोकला की वरची तळी खालच्या तळीला कायमची जखडली. मामी शेजारी दळायला जाऊ लागली, आणि मामा येणाऱ्याजाणाऱ्याला खुंटा ओढून दाखवू लागले, की पाहा, जरा तरी हलतो का.

मंगरूळपीरजवळच्या खेड्यात मामांचा भाजीचा मळा होता. पोरका झाल्यापासून मी त्यांच्याकडेच वाढलो. त्यांना सहीपुरतेही अक्षर येत नव्हते, पण त्यांच्या वांग्या-मेथीवर मी अमरावतीला राहून बी.ए. झालो. घराण्यातला पहिला. निकाल लागला त्याच आठवड्यात मी नागपूरच्या एका शाळेत मास्तरकीसाठी अर्ज करायचे ठरवले, आणि त्याच आठवड्यात मामांनी ठरवले की पदवीधराच्या घरी हापीस पाहिजे. गावचे लोक अर्ज लिहून घ्यायला इथेच येतील, मग बाहेरगावी जायचे कारणच काय? मी नागपूरचा विषय काढला की मामा हापिसासाठी काढलेल्या फळीवर रंधा मारायला घेत. फळी त्यामुळे फार गुळगुळीत झाली.

हापीस म्हणजे भिंतीत ठोकून बसवलेले मेज. चार पायांचे करा, सोपे पडेल, असे मी सुचवले. सकाळी त्यांनी कारण दिले, पायाले उधई लागते. दुपारचे कारण असे की खाली कोंबड्या अंडी घालतात. आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या. गावचे सुतार आपणहून मदतीला आले, तर मामांनी त्यांना पान दिले, सुपारी दिली, पण करवतीला हात लावू दिला नाही.

"भाऊ, मातीच्या भितीले ठोकून राह्यले. भीत पडन," सुतार म्हणाले.

"पडन तं पडन. मेज नाई पडत."

फळी म्हणजे मळ्यातल्या खोपीचे जुने सागवानी दार. चांगल्या लोखंडाची म्हणून त्याची कडी मामांनी काढली नाही, त्यामुळे कडी असलेले मेज साऱ्या वऱ्हाडात बहुधा माझेच असावे. उंचीचे माप त्यांनी मला तुरीच्या पोत्यावर बसवून घेतले. मेज बसले आणि पोते बाजारात गेले. जमिनीवर बसलो तर फळी हनुवटीला लागू लागली. मेज खाली घेण्याची माझी विनंती मामांनी शांतपणे ऐकली आणि मलाच वर घेतले. मेजापुढे मातीचा पक्का ओटा घातला, मामीने तो सारवला, आणि मेजासारखीच माझी बैठकही घराला कायमची चिकटली.

आधाराच्या बाभळीच्या दोन खुंट्या भिंत पार करून पलीकडे गोठ्यात वीतभर निघाल्या होत्या. त्या कापा म्हटल्यावर मामांना वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका खुंटीला हरण्या बैल बांधला. बैलाने कडब्याकडे मान ओढली की इकडे दौत सरकायची. नागपूरचा अर्ज मी त्याच मेजावर लिहिला. 'आपला नम्र' मधला नम्र पार कागदाच्या काठापर्यंत घसरत गेला. दुसऱ्या कागदावर लिहिता आला असता, पण मामा शेजारीच बसून होते. कशाचा अर्ज, हे त्यांनी विचारले नव्हते. मी जास्त वेळ काढणे बरे दिसले नसते.

तरी बोलावणे आले. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी आधी माझ्या प्रकृतीची चौकशी केली, मग नोकरी दिली.

निघायच्या दिवशी गाडी जुंपून तयार होती, मामा मात्र अंगणात नव्हते. आत गेलो तर ते धोतराच्या सोग्याने मेज पुसत होते. पाया पडलो. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "मामा, चार पायाचं केलं असतं तं मी संग नेलं असतं."

"मनूनच नाई केलं, बापू," ते म्हणाले, आणि पुसत राहिले.

आज मामा नाहीत. नागपूरला माझ्याकडे चार पायांचे, पॉलिश केलेले मेज आहे. ते तसूभर हलत नाही, अक्षर सरळ येते. पण संध्याकाळी, कडबा टाकायच्या वेळेला, लिहिता लिहिता माझा हात आपोआप कागदावरून उचलला जातो. भिंतीपलीकडे हरण्या मान ओढेल, म्हणून मी जरा वेळ थांबतो.