सीझन लांबला तेव्हा

वाळत्या बोंबलांचा वास आला की मला आमची कॉलेजची बेसबॉल टीम आठवते. जिंकत गेलो तसा सीझन लांबला आणि शिरगावच्या आमच्या पिचरची, म्हणजे बॉल टाकणारीची, आई वैतागली, "परीक्षा आली, घरात मासली सुकवायची पडली हाय. खेल पुरे आता!" पिचरशिवाय सेमीफायनल जिंकणं शक्यच नव्हतं. मी कॅप्टन, लगेच कामं वाटली आणि सकाळी सगळ्या पोरी किनाऱ्यावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंवर टांगू लागलो. "बॉल धरता, नि बोंबील धरता येत नाय?" आई हसली आणि तिने लेकीला सोडलं. आम्ही जिंकलो. संध्याकाळी पिचर घाबरतच म्हणाली, "आये, अजून एक मॅच हाय." आईने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "मग उद्या लवकर या गो."