नापासमामांचं रजिस्टर

नवीन वस्तू आली की नापासमामा आधी तिचा वास घ्यायचे. खोकं फोडायचं, वस्तू नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मगच पुढची तपासणी. मग त्या वस्तूचे हाल सुरू. बॅटरी पायरीवरून खाली टाकायची, काठी जांभ्या दगडावर आपटायची, बूट दिवसभर बादलीत बुडवून ठेवायचे. रेनकोट आला तर स्वतः घालून नळाखाली बसायचे, आणि आत बनियनचा कोपरा जरी ओला झाला तरी रजिस्टरात लाल शाईनं लिहायचे, 'नापास'. त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

मामा आमच्या रत्नागिरीच्या पोलीस ऑफिसात स्टोअरचे हवालदार होते. मूळचे दाभोळचे, घरची मासेमारी, सगळे भाऊ अजून होडीवर. मी त्याच ऑफिसात क्लार्क. माझे वडील पोलिसात असतानाच वारले, म्हणून अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. पहिल्या दिवशी मी टेबलापाशी घाबरून बसले होते, तर हा उंच, काळा, जाड भिंगांचा माणूस समोर येऊन उभा राहिला. "बाय, तुझा बापूस माझ्याकडनंच बूट न्यायचा. पाय मोठे हुते त्याचे. तुला काय अडला तर मला सांग," म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून ऑफिसात माझं माहेरचं माणूस म्हणजे मामा.

रजिस्टराच्या बाबतीत मात्र हाच माणूस खवीस व्हायचा. एकदा माझ्या ड्रॉवरमध्ये त्यांना पांढऱ्या शाईची बाटली सापडली. ती उचलली आणि खिडकीतून थेट कंपाउंडबाहेर भिरकावली! मी म्हटलं, "अहो मामा, माझी होती ती." तर म्हणाले, "चुकला तर चुकला, माणूस हाय. एक रेघ मार, खालचा दिसू दे, आणि बाजूला सही कर. खाडाखोड ज्याची, सही त्याची." त्यांच्या तीस वर्षांच्या रजिस्टरांत खोडलेल्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी त्यांची ती वाकडी सही.

पूर्वी खरेदीला मामा स्वतः बाजारात जायचे. दुकानदार त्यांना बघून कपाळाला हात लावायचे. मग हुकूम आला की यापुढे सगळं केंद्र सरकारच्या पोर्टलवरून घ्यायचं. दिल्लीला बसलेला तो बाजार. फोटो बघायचा, अटी टाकायच्या, जो सगळ्यात स्वस्त देईल त्याचा माल. ते काम माझ्याकडे आलं, पासवर्डही माझ्याकडेच. मामा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आता काय गो, फोटूचा वास घेऊ?" आम्ही पोट धरून हसलो. माल आल्यावर तपासायचा मामांनी, आणि नापास असेल तर पोर्टलवर तसं नोंदवायचं मी. त्याला मुदत दहा दिवसांची. दहा दिवसांत कुणी काही बोललं नाही, तर पोर्टल माल पास झाला असं समजून पुढचं सगळं आपोआप उरकून टाकायचं.

गस्तीच्या बोटीसाठी लाइफ जॅकेटं आली ती शिमग्याच्या तोंडावर. बारा नग, भगवी, कोरी करकरीत. मामांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक घालून ते जेटीवरून सरळ समुद्रात उतरले. अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस! परत आले ते निथळत, धापा टाकत. "अर्धा तास बरा चालला, बाय. मग जाकीटच मला खाली ओढाया लागला. आतला फोम पाणी पितो. हे पोहणाऱ्याला नको नि न पोहणाऱ्याला तर नकोच नको." लगेच रजिस्टरात लाल शाईनं नोंद केली, तारीख घातली आणि नापासाचा कागद माझ्या हातात दिला.

माझी पिशवी तेव्हा टेबलाखाली भरून ठेवलेली. सावर्ड्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव, घरी पालखी यायची होती, एसटीची वेळ झाली होती. दोन मिनिटांचं काम! पण साइट गोल गोल फिरत बसली. मी कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि म्हटलं, "मामा, आल्या आल्या करते. सुट्ट्या सोडून मोजले तर पुष्कळ दिवस आहेत." सुट्ट्या मुदतीत धरायच्याच नाहीत, असा माझा हिशेब. शिमग्यात अख्खं ऑफिस गावाला जातं, तेव्हा ते दिवस मोजायचे कशाला, असं आम्हां कोकणातल्या माणसांना वाटतं. दिल्लीच्या पोर्टलला कसला आलाय शिमगा? ते रोजचा दिवस मोजत होतं. मी पालखी नाचवून, पुरणपोळ्या खाऊन परत आले, तेव्हा स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं होतं, 'माल स्वीकारला'.

मी रडत स्टोअरमध्ये गेले. मामांनी स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाले, "रडून काय हुतंय? पत्र लिही." आम्ही पत्रांवर पत्रं लिहिली. विकणाऱ्याचं उत्तर नाही, वरच्या ऑफिसातून "माल तर तुम्हीच पास केलात" एवढंच. मामांनी बाराही जॅकेटं कुलपात घातली आणि किल्ली कमरेला बांधली.

पण नवीन आली म्हणून जुनी जॅकेटं कागदोपत्री बाद झाली आणि उचलून नेली. पावसाळा संपला, बोटी सुटल्या, वरून तपासणी आली. "पुस्तकात नवीन जॅकेटं दिसतात, मग बोटीवर का नाहीत?" मामांनी सांगितलं, हात जोडून सांगितलं. साहेबांनी लेखी हुकूम दिला. मामांना कुलूप उघडावं लागलं.

बोटीवर माने नावाचा शिपाई होता, सोलापूरकडचा. पोहता येत नाही, समुद्राची भीती, तरी बदलीवर आलेला. मामा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "माने, ह्याच्या भरवशावर ऱ्हाऊ नको. कडेला उभा ऱ्हाऊ नको." माने हसला. "मामा, पवता येत नाही म्हणून तर घालायचं की ओ!"

दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी एका ट्रॉलरचे कागद तपासायला चढताना माने दोन बोटींच्या मधे पडला. लाट मोठी होती, पाण्याची धार त्याला लांब घेऊन गेली. मच्छीमारांनी शोधलं, त्यात मामांचे दोन भाऊही होते. तो सापडला तेव्हा जॅकेट अंगावर होतं, सगळे पट्टे नीट बांधलेले. ते सोडवून फळीवर ठेवलं तर एका हातानं उचलेना, इतकं पाणी प्यायलेलं. वस्तू ओळखायला मामांनाच बोलावलं.

चौकशी लागली. पहिला प्रश्न सरळ होता: माल मुदतीत नापास का नाही केला? त्या दुपारी मामा माझ्या टेबलापाशी आले. "तो कागद दे इकडे." मी दिला. त्यांनी फाडून खिशात घातला. मग रजिस्टर उघडलं, शिमग्याच्या आधीची तारीख खोडली आणि वर मुदत संपल्यानंतरची घातली. म्हणजे आता कागदावर तपासणीच उशिरा झाली, मामांनीच चालढकल केली, क्लार्ककडे वेळेत कागद आलाच नाही. मी "मामा, नको" म्हटलं. एकदाच म्हटलं, आणि तेही हळू. "तुझी नोकरी अजून कच्ची हाय. आईला कोण बघील? मला चार म्हयने ऱ्हायलेत," ते म्हणाले. मी गप्प बसले. लाज वाटते लिहायला, पण खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

मानेची बायको भावाबरोबर ऑफिसात आली. "तपासायचं काम कुणाचं होतं?" तिनं विचारलं. मामा उठून उभे राहिले. "माझा." "मग वेळेत का न्हाई केलं? झोपला होता का?" मामांनी मान खाली घातली. मी तीन हातांच्या अंतरावर बसले होते, कीबोर्डवर बोटं ठेवून. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चौकशी अधिकाऱ्यानं ताशेऱ्यात आणखी एक ओळ घातली: नोंदीत सहीविना खाडाखोड. मामांनी त्यावरही खुलासा दिला नाही. चार महिन्यांनी ते रिटायर झाले. नारळ नाही, शाल नाही, दोन शब्द बोलायला कुणी उभं राहिलं नाही. स्टोअरची किल्ली माझ्या हातात देऊन ते एसटीत बसले.

दाभोळला मी एकदाच गेले. दारात जाळं शिवत बसले होते. मी म्हटलं, "मामा, मी सगळं खरं सांगते आता." सुई थांबवून ते म्हणाले, "माने येणाराय काय परत? मग जा, चाय पिऊन जा." थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "त्या बाईचं तोंड मात्र डोळ्यासमोरनं जात नाय गो." मी चहा प्यायले आणि परत आले. दुसरं काय केलं मी? काहीच नाही.

परवा मामा गेले. अंत्ययात्रेला खात्यातून मी एकटीच होते. परत येऊन स्टोअर उघडलं आणि ते पान काढलं. इतक्या वर्षांत मी ते कधी नीट पाहिलं नव्हतं, पाहायची हिंमत नव्हती. जुन्या तारखेवर एकच रेघ, खालचं स्वच्छ वाचता येईल अशी. पांढरी शाई नाही, खरवडणं नाही. आणि शेजारी जागा कोरी. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक रेघेशेजारी सही केली, तो ही एक विसरेल? छे! ती त्यांची खाडाखोडच नव्हती.

साहेबांच्या नावानं सगळं खरं सांगणारा अर्ज लिहिला, आणि तसंच एक पत्र मानेच्या बायकोला. दोन्ही पाकिटं चिकटवली. मग लाल पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत माझी सही केली, पूर्ण नावानिशी.